पिवळा कागद

नोव्हेंबर लागला, बागांतली शेवटची सफरचंदं उतरली, की तो आमच्या दवाखान्यात येतो. अंगाने एवढासाच: एक पान, पाठपोट छापलेलं. रंग फिकट पिवळा, हळदीचा हात पुसल्यावर पदराला राहतो तसा. पांढऱ्या कागदांच्या ढिगात हरवू नये म्हणून पहिल्या वर्षी कुणीतरी तो पिवळ्यावर छापला. तेव्हापासून तो पिवळाच राहिला आणि त्याचं नावही तेच पडलं. माथ्यावर लांबलचक शीर्षक आहे, पण ते कुणी उच्चारत नाही. ‘पिवळा कागद आला का?’ ‘पिवळा कागद भरलास का?’ एवढंच.

त्याचं विचारणं थोडक्यात असं: डॉक्टर, तुमच्या शेजारच्या खोलीत मनाचं दुखणं बघणारं माणूस बसवलंय. त्याचा तुम्हाला उपयोग होतो का?

ते शेजारच्या खोलीतलं माणूस म्हणजे मी. हा कागद माझ्या कामाची चौकशी करायलाच येतो, तेव्हा त्याच्याबद्दल मी तटस्थपणे लिहू शकणार नाही. पहिली दोन वर्षं मला त्याची धास्ती वाटायची. आता गावाकडून दर दिवाळीनंतर येणारे एखादे काका असतात ना, कमी बोलणारे, पण घरातलं काय बदललंय ते बरोबर हेरणारे, तसा तो मला वाटतो.

दवाखाना अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यात आहे. कॅस्केड पर्वतरांगेच्या पूर्वेला, जिथे पाऊस कमी पडतो आणि पाटाच्या पाण्यावर सफरचंद, चेरी आणि हॉप्सच्या बागा मैलोन्मैल पसरल्या आहेत. आमचे बरेचसे रुग्ण या बागांत राबणारे, मेक्सिकोतून आलेले, स्पॅनिश बोलणारे. कुणाची पाठ धरलेली, कुणाची साखर वाढलेली, कुणाला झोप नाही. फॅमिली डॉक्टर सात. एका रुग्णाच्या वाट्याला पंधरा-वीस मिनिटं. साखरेचं बोलून होतं, पाठीचं होतं, गोळ्या लिहून होतात. रुग्ण उठतो, दाराच्या मुठीला हात लावतो आणि पाठमोराच म्हणतो, ‘डॉक्टर, हल्ली कशातच मन लागत नाही. कधी कधी वाटतं, संपवावं सगळं.’

पूर्वी अशा वेळी डॉक्टर चिठ्ठी लिहून देत. ती घेऊन रुग्ण दुसऱ्या गावातल्या केंद्राला फोन करणार, तिथली तारीख मिळेपर्यंत आठवडे जाणार, आणि तारखेच्या दिवशी बागेतली मजुरी बुडवायची की नाही या प्रश्नाशी सगळं अडणार. ही काही आमच्या एका खोऱ्याची गोष्ट नव्हती. २००४-०५ साली देशभरातल्या प्राथमिक डॉक्टरांना विचारलं, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश डॉक्टरांनी सांगितलं होतं, की रुग्णांसाठी बाहेर मनाचे उपचार मिळवू म्हटलं तर मिळत नाहीत.

आता डॉक्टर खोलीतून बाहेर येतात आणि माझं दार वाजवतात. ‘दोन मिनिटं येतेस?’ मी जाते. डॉक्टर रुग्णाला सांगतात, ‘ही आमच्यातलीच. झोपेबद्दल, काळजीबद्दल हिच्याशी बोला. मी आहेच.’ मग ते पुढच्या खोलीत जातात आणि मी खुर्ची ओढून बसते. या सोपवण्याला इथे ‘वॉर्म हँडऑफ’ म्हणतात. मला ते तान्हं मूल एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर देण्यासारखं वाटतं. घेणाऱ्याचा हात मानेखाली नीट आल्याशिवाय देणारा आपला हात काढत नाही.

हे सोपवणं नीट होतंय का, हे पाहायला पिवळा कागद येतो.

त्याच्या अंगावर बारा विधानं आहेत आणि प्रत्येकासमोर पाच चौकोन. डावीकडचा ‘अजिबात पटत नाही’, उजवीकडचा ‘पूर्ण पटतं’. समुपदेशक हवी तेव्हा मिळते. मी सोपवलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं ते मला कळतं. नैराश्याच्या रुग्णाशी बोलायचा मला आता धीर होतो. अशी साधी, एका श्वासातली वाक्यं. शेवटी तीन रिकाम्या ओळी. कागद स्वभावाने भिडस्त आहे. आवाज चढवत नाही, उत्तर सुचवत नाही, कारण विचारत नाही. विधान पुढे ठेवतो आणि थांबतो.

हे पाच पायऱ्यांचं वळण त्याला पणजोबांकडून आलंय. रेन्सिस लिकर्ट हे त्यांचं नाव. लोक सर्रास ‘लायकर्ट’ म्हणतात, खरा उच्चार लिकर्ट. १९३२ साली कोलंबिया विद्यापीठात प्रबंध करताना त्यांनी दाखवून दिलं, की माणसाचा कल मोजायला अवघड गणिती खटाटोप लागत नाही. साधी विधानं द्यावीत, प्रत्येकाला पाच पायऱ्या द्याव्यात आणि उत्तरांची बेरीज करावी. मनातल्या गोष्टीला पायरी देता येते, हा शोध आज इतका घरचा झालाय, की तो कधीतरी कुणालातरी लागला असेल हे आपल्याला सुचतच नाही.

पिवळ्या कागदाला एक थोरली बहीणही आहे. ती पांढरी, आणि वर्षभर दवाखान्यातच राहते. तिचं नाव पीएचक्यू-९. रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोएंके यांनी ती घडवली आणि २००१ साली तिची कसोटी प्रसिद्ध झाली. ती रुग्णाला नऊ प्रश्न विचारते, सगळे गेल्या दोन आठवड्यांबद्दल: कामात रस वाटतो का, झोप कशी आहे, आणि नववा, मरण आलं तर बरं असं वाटतं का. बेरीज शून्यापासून २७ पर्यंत जाते. दहा किंवा जास्त आली, की डॉक्टर सावध होतात. बहीण रुग्णाची विचारपूस करते, भाऊ डॉक्टरांची. दिवसभर आमचे डॉक्टर सगळ्यांना विचारत असतात, कसं वाटतंय? त्यांना हेच विचारणारा दवाखान्यातला एकुलता एक कागद म्हणजे हा पिवळा.

डॉक्टरांच्या समाधानाची मोजदाद कशाला, असं मीही एकदा विचारलं होतं. रुग्ण बरा झाला म्हणजे पुरे, डॉक्टरांना काय वाटतं याच्याशी काय करायचंय? आरोग्यसेवेतली मोठी माणसंसुद्धा काही वर्षं तीनच उद्दिष्टं धरून चालली होती: लोकांचं आरोग्य सुधारावं, रुग्णाचा अनुभव चांगला असावा, खर्च आटोक्यात राहावा. २०१४ साली थॉमस बोडेनहायमर आणि क्रिस्टीन सिन्स्की या दोन डॉक्टरांनी लिहिलं, की चौथंही धरा: सेवा देणाऱ्या माणसांचं कामाचं आयुष्य. ते खचलं तर बाकीची तीनही ढासळतात.

पण मला हे खरं कळलं ते आमच्या सगळ्यात जुन्या डॉक्टरांकडून. साठी ओलांडलेले, मितभाषी गृहस्थ. पिवळा कागद भरता भरता ते ‘धीर होतो’ या विधानापाशी थांबले आणि म्हणाले, ‘पूर्वी मी विचारायचोच नाही. माणसाच्या चेहऱ्यावर दिसायचं, तरी नाही. विचारलं आणि तो रडायला लागला, तर पुढे माझ्यापाशी होतं काय? एक गोळी आणि एक चिठ्ठी. बाहेर सहा जण ताटकळलेले. मग मी पुन्हा पाठीबद्दलच बोलायचो.’ त्यांनी उजवीकडच्या चौकोनात खूण केली आणि कागद खिशात घातला.

त्या दिवसापासून हा कागद मला वेगळा दिसायला लागला. समाधान मोजतो म्हणजे डॉक्टर खूश आहेत का, हे तो पाहत नाही. बंद खोलीत, पंधरा मिनिटांत, तो एक प्रश्न विचारला जातोय की टाळला जातोय, हे तो पाहतो. पाठीशी कुणी नसलेला डॉक्टर कितीही कनवाळू असला तरी तो प्रश्न गिळतो. न विचारलेल्या प्रश्नाची नोंद कुठल्याच फाईलमध्ये सापडत नाही. ती सापडली तर या कागदावरच.

याचे काही भाऊबंद मोठ्या कामांवर जाऊन आले आहेत. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ युर्गेन उन्युत्झर यांच्या नेतृत्वाखाली, मनाचे उपचार दवाखान्यातच डॉक्टरांच्या जोडीने देऊन पाहणारा ‘इम्पॅक्ट’ नावाचा प्रयोग झाला. पाच राज्यांतले १८ दवाखाने, साठीपुढचे १,८०१ नैराश्यग्रस्त रुग्ण. निष्कर्ष २००२ साली आले. वर्षभरात ज्यांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरली, असे रुग्ण एकत्रित उपचारांच्या गटात ४५ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात १९ टक्के होते. त्याच दवाखान्यांतल्या ४५० डॉक्टरांपुढेही प्रश्नावली ठेवली होती, एकदा आधी आणि एकदा वर्षानंतर. नैराश्याच्या रुग्णांसाठी हाताशी असलेल्या साधनांबद्दल आधी जेमतेम ५४ टक्के डॉक्टर समाधानी होते. नंतर नव्वद टक्क्यांहून जास्त डॉक्टरांनी सांगितलं, की नव्या व्यवस्थेची मदत झाली. सगळ्यात जास्त कशाची, तर रुग्णाचा आपणहून पाठपुरावा करण्याची आणि त्याला आजार समजावून सांगण्याची. फोन करून ‘कसे आहात?’ विचारणारं माणूस असणं, याचं डॉक्टरांना मोल वाटलं.

दुसरा भाऊबंद ‘प्रिझम-ई’ नावाच्या अभ्यासातला, २००४ सालचा. त्याच्यासमोर १२७ डॉक्टर आणि त्यांचे सहकारी होते, आणि प्रश्न होता दोन पद्धतींच्या तुलनेचा: समुपदेशक दवाखान्यातच असावा, की रुग्णाला बाहेर पाठवावं? दवाखान्यातच असला तर आपसातला संवाद सुधारतो, असं ९३ टक्क्यांनी सांगितलं. रुग्णाला वाटणारी लाज कमी होते, असंही ९३ टक्क्यांनी. पण नैराश्याचे उपचार जास्त चांगले होतात का, या प्रश्नावर तो आकडा ६४ वर आला.

मला हे ६४ फार मोलाचे वाटतात. ९३ पाहून हुरळून जाणं सोपं आहे. पण त्या डॉक्टरांनी सौजन्यापोटी सगळीकडे सारखीच खूण केली नाही. बोलणं सोपं झालं, लाज कमी झाली, पण आजारावर मात झाली का, याची आम्हाला तेवढी खात्री नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं. म्हणून पिवळ्या कागदाला एकट्याने फिरू देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. बहिणीला सोबत घेऊनच त्याने बोलावं. डॉक्टर म्हणतात काम छान चाललंय, आणि रुग्णांची बेरीज मात्र सहा महिने १६ वरून हलत नाही, असं झालं तर बहिणीचं ऐकायचं.

त्याचे दोष मला माहीत आहेत. माणूस जवळचं झालं की माणसं भिडेने उजवीकडे सरकतात. रोज एका टेबलावर डबा खाणाऱ्या बाईबद्दल ‘उपयोग होत नाही’ असं कोण लिहील? शिवाय नाव लिहायचं नसलं तरी सात डॉक्टरांच्या दवाखान्यात कुणाचं अक्षर कुणाला ओळखू येत नाही? आणि जे कागद परतच येत नाहीत, त्यांचं काय? माझं दार ज्यांनी वर्षभर एकदाही वाजवलं नाही, त्यांचं मत मला सगळ्यात जास्त हवं असतं, आणि नेमका त्यांचाच कागद पांढऱ्या ढिगाखाली जातो. म्हणून आता कागद मी वाटत नाही, मी गोळा करत नाही. दुसऱ्या गावातल्या शाखेतली एक सहकारी ते करते आणि माझ्या हाती फक्त बेरजा येतात.

आणखी एक अडचण आहे, ती मला मराठीत विचार करताना सापडली. आपल्याकडे समाधान होतं, आणि समाधान मानूनही घेतात. शंकेचं समाधान होतं, भुकेल्याचं समाधान होतं. आणि काहीच हाती नसलं की माणूस आहे त्यात समाधान मानतो. दोन्हींत अंतर केवढं! पण चौथ्या चौकोनातली खूण दोघांची सारखीच दिसते. कागदाला ते ओळखता येत नाही. ओळखायचं काम आम्हा माणसांचं.

एका वर्षीची गोष्ट सांगते. बेरजा आल्या. अकरा ओळी उजवीकडे झुकलेल्या, भरघोस. एकच ओळ डावीकडे ओघळलेली: ‘मी सोपवलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं ते मला कळतं.’ एखाद्या डॉक्टरांचीच नाही, जवळजवळ सगळ्यांची. मला ते लागलं. मी तर प्रत्येक भेटीची सविस्तर नोंद संगणकावर लिहीत होते, कधी जेवणाची सुटी मोडून. पुढच्या बैठकीत मी तसं सांगितलंही. तेव्हा एक तरुण डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, ‘तू लिहितेस ते मी नाकारत नाही. पण ते उघडायला मला चार ठिकाणी क्लिक करावं लागतं, आणि उघडलं की दोन पानं असतात. पुढचा रुग्ण आत आलेला असतो.’ मी त्या दिवशी त्यांच्या खुर्चीवर बसून, त्यांच्या संगणकावर माझी नोंद शोधून पाहिली. खरंच सापडायला वेळ लागला.

मग आम्ही दोन ओळींचा रिवाज घातला. भेट संपली की सविस्तर नोंद आपल्या जागी, पण डॉक्टरांना थेट दोन ओळी जायच्या: काय आढळलं, आणि आता त्यांनी काय करावं. ‘बायको मुलांना घेऊन गावी गेल्यापासून झोप नाही. जिवाला धोका नाही. दोन आठवड्यांनी मी भेटतेय. तुम्ही साखरेसाठी बोलवाल तेव्हा झोपेबद्दल एकदा विचारा.’ एवढंच. पुढच्या नोव्हेंबरात ती ओळ सरकली. शेवटच्या चौकोनापर्यंत नाही, पण सरकली. माझी कळकळ, माझी मेहनत, यातलं काहीच कागदाने मोजलं नव्हतं. ती दुसऱ्यापर्यंत पोचते का, एवढंच त्याने विचारलं होतं. मला वाटतं कामाबद्दल याहून योग्य प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नाही.

सगळीकडे एकच चित्र दिसेल, असंही कागद कधी म्हणत नाही. आपल्या शेजारच्या गोव्यातलंच उदाहरण घ्या. तिथे ‘संगत’ ही संस्था आणि डॉ. विक्रम पटेल यांनी ‘मानस’ नावाचा प्रयोग केला. १२ सरकारी आरोग्यकेंद्रं आणि १२ खासगी दवाखाने घेतले आणि निम्म्या ठिकाणी, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांना डॉक्टरांच्या जोडीला बसवलं. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत, जिथे समुपदेशक होते तिथले ६५.९ टक्के आजारी रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले होते. जिथे नव्हते तिथले ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. कारणं अनेक असतील. माझ्या डोळ्यांपुढे माझ्या लहानपणचे नाशिकचे आमचे डॉक्टर येतात. ते आईला ‘वहिनी, घरी सगळं ठीक ना?’ असं विचारत आणि उत्तर ऐकायला थांबत. जिथे ऐकणारं माणूस आधीपासून होतं, तिथे आणखी एकाने किती फरक पडणार? आणि जिथे रांग दारापासून रस्त्यापर्यंत, तिथे एका खुर्चीची भर म्हणजे केवढी!

या वर्षीही तो आला. बारा विधानं, एकही शब्द न बदलता. मध्यंतरी दोन वाक्यं जरा सोपी करावीत, अशी सूचना आली होती. आम्ही ती मानली नाही. प्रश्न बदलला तर उत्तर बदललंय की नुसता प्रश्नच, हे पुढे कळायचं नाही. तोच प्रश्न, त्याच शब्दांत, वर्षामागून वर्षं विचारत राहणं हीच त्याची निष्ठा आहे, आणि त्याच्यापासून मी ती शिकतेय.

या खेपेला एक नव्या डॉक्टर रुजू झाल्या आहेत, नुकतंच प्रशिक्षण संपवलेल्या. जिथे शिकल्या तिथेही समुपदेशक शेजारच्याच खोलीत होते. जेवणाच्या टेबलावर त्यांनी पिवळा कागद उघडला आणि पहिल्याच विधानावर बोट ठेवून निरागसपणे विचारलं, ‘समुपदेशक हवी तेव्हा मिळते. हे कशाला विचारलंय? असतेच ना ती?’

समोर आमचे जुने डॉक्टर बसले होते, त्यांचाही कागद पुढ्यात. ते काही बोलले नाहीत. त्यांनी पेन काढलं, त्याच विधानासमोर, अगदी उजवीकडच्या चौकोनात खूण केली आणि ती पुन्हा एकदा गिरवली. नव्या डॉक्टरांनीही त्याच चौकोनात खूण केली आणि पान उलटलं.

बेरजेत दोन्ही पाच-पाचच धरले जातील. मी डब्याचं झाकण लावलं आणि उठले. बाराच्या रुग्णाला आत घ्यायचं होतं, आणि कुणीतरी माझं दार वाजवत होतं.